निम्मी कापलेली कॉइल

हिराबाईंची पिल्लं बबनच्या नव्या ट्रान्सफॉर्मरमुळे मेली नाहीत. माझ्या कॉइलमुळे मेली. हे वाक्य मी आजवर कुणासमोर बोललेलो नाही. बायकोसमोरही नाही. एका माणसाला ते माझ्याकडून न ऐकताच कळलं होतं, ते पुढे येईल.

मुरबाडला माझं इलेक्ट्रिक रिपेअरिंगचं दुकान आहे. इस्त्री, गिझर, मिक्सर, पंपाची मोटर. आमच्या भागात गिऱ्हाईक आलं की काय बिघडलं ते आम्ही नंतर विचारतो. आधी गाव विचारतो. गाव कळलं की व्होल्टेज कळतं. सापगावला बरं असतं. खर्डीला स्टेशनच्या बाजूला चांगलं, आत पाड्यांकडे गेलं की पडतं. टोकावड्याच्या बाजूला काही वाड्यांत तर पंख्याची पाती मोजता येतात. कुणाचा स्वभाव कसा ते लक्षात ठेवावं, तशी ही व्होल्टेजं माझ्या डोक्यात बसलेली. मोटरचं वाइंडिंग करताना, हीटरची कॉइल बसवताना मी त्या हिशेबाने कमी-जास्त करायचो. त्याचा मला अभिमान होता.

बबन लाइनमन. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो खांबावर चढला, मी दुकानात बसलो. हिराबाई त्याची सासू. टोकावड्याजवळच्या एका वाडीत त्यांचा बायकांचा बचत गट आहे. गावठी कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणायची, ऊब देऊन जगवायची आणि मोठी झाली की विकायची, हे त्यांचं काम. ऊब देण्याच्या साधनाला ब्रूडर म्हणतात. पत्र्याची मोठी उलटी टोपली समजा. आत गरम होणारी वस्तू, खाली भाताचा तूस. पूर्वी आत पिवळे बल्ब टांगायचे. एलईडी आले, उजेड वाढला आणि ऊब गेली. म्हणून मी त्यांना हजार वॉटची हीटरची कॉइल बसवून दिली होती.

थंडी सुरू झाली तसा हिराबाईंचा फोन आला.

"भाऊ, तुमची शेगडी नुसती लाजतेय. तापत नाय."

"पिल्लं काय करतायत?"

"एकमेकांच्या अंगावर बसलीत. शाळेची बस भरल्यासारखी."

पिल्लांना थर्मामीटर लागत नाही. थंडी वाजली की ती उबेखाली गोळा होतात. फार तापलं की लांब पळतात. बरं वाटलं की शेडभर पसरतात. हिराबाई हे माझ्या मीटरपेक्षा आधी वाचायच्या.

मी गेलो, मीटर लावला. दोनशे तीसच्या जागी एकशे साठ. इथे थोडं समजावून सांगतो. कॉइलची तार विजेला अडवते, त्या अडवण्याला रेझिस्टन्स म्हणतात. तार लांब तेवढा रेझिस्टन्स जास्त. बाजारात मिळणारी कॉइल दोनशे तीस व्होल्टला जुळेल एवढ्या लांबीची असते. व्होल्टेज पडलं की उष्णता त्याच पायरीने उतरत नाही, दोन-दोन पायऱ्या उतरते. एकशे साठला हजार वॉटची कॉइल निम्मीसुद्धा तापत नाही. यावर आमच्याकडचा रिवाजाचा इलाज म्हणजे कॉइल कापायची. तार कमी, रेझिस्टन्स कमी, वीज जास्त जाते, उष्णता वाढते.

मी पक्कड काढली आणि कॉइल निम्मी कापली. उरलेली ताणून चिनीमातीच्या प्लेटच्या खोबणीत बसवली.

हिराबाई बघत होत्या. "कमी केलीत नि जास्त तापंल?"

"अडथळा कमी केला ना."

"म्हंजे आमी सुनेला बोलायचं कमी केलं की ती जास्त काम करंल, तसं?"

"करून बघा."

"नको. जास्तच तापली तर?"

गटातल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसलो. कॉइल छान लाल झाली. थोड्या वेळाने पिल्लं सुटी झाली, शेडभर पसरली. हिराबाई खूश. म्हणाल्या, "रविवारी जावई येतात. कोंबडी आहे. तुमीपण या." बबन सासरी आला की त्या घरात गावठी कोंबडी ठरलेली. त्यांची पद्धतच तशी. मांडीचा तुकडा जावयाच्या ताटात, आणि मित्र सोबत असला तर दुसरी मांडी मित्राच्या. मी त्या ओसरीवर पुष्कळदा जेवलोय. त्या रविवारीही जेवलो आणि जेवता जेवता सांगितलं, "अशी कॉइल तालुक्यात दुसरं कुणी बसवून देणार नाही." खरंच होतं ते.

वाडीचं व्होल्टेज पडायचं कारण साधं होतं. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फार लांब आणि त्यावर लोड भरपूर. बबनने नव्या डीपीसाठी ऑफिसात किती खेटे घातले ते मी पाहिलंय. सासरच्या वाडीत उजेड पडावा एवढंच त्याच्या मनात. मंजुरी आली, खांब उभे राहिले, आणि एका संध्याकाळी तो पेढे घेऊन दुकानात आला.

"उद्या दुपारी डीपी चार्ज करतोय, लाइट सोडतोय. सासूबाईंना पंख्याचा वारा दाखवतो. आतापर्यंत नुसता पंखाच बघितलाय त्यांनी."

मी पेढा खाल्ला. त्याच्या पाठीवर थाप मारली. मला खरोखर आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीची कॉइल बदलत होतो. हातात कॉइल असल्यामुळेच आठवलं. नवा डीपी वाडीच्या तोंडाशी. व्होल्टेज पूर्ण येणार. एकशे साठला जुळवलेली निम्मी कॉइल दोनशे तीसला दुपटीने तापणार. मी फोन उचलला. हिराबाईंचा नंबर काढला. मग वाटलं, काय सांगायचं? तालुक्यात दुसरं कुणी बसवून देणार नाही ती कॉइल आधी बंद करा, असं? तेवढ्यात एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं. उद्या टोकावड्याला जायचंच आहे, तेव्हा बदलू. तापलं तर त्यांना दिसेलच. असं म्हणून मी फोन ठेवला.

दिसणार कुणाला? वाडीतल्या सगळ्या बायका डीपीजवळ होत्या. डीपीला हळद-कुंकू लावून, नारळ फोडून बबनचं कौतुक चाललं होतं. शेडमध्ये कॉइल लाल झाली, मग पिवळी, मग वितळून खाली तुसावर पडली. धूर दिसला तेव्हा पहिला बबन धावला. त्यानेच तार ओढून काढली. आग वाढली नाही. पण पिल्लं उष्णतेपासून पळून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. बरीचशी तिथेच गुदमरली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. हिराबाई शेडच्या दारात बसून वाचलेली पिल्लं टोपलीत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमची शेगडी चांगली होती हो. यांच्या नव्या लायटीनं जाळली."

बबन भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नवीन डीपीवर कधीकधी व्होल्टेज जास्त येतं."

वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते मला इतकं सहज बोलता आलं.

त्यानंतर बबन सासरी गेला तेव्हा ताटात वालाचं बिरडं आणि भात आला. हिराबाई वाढता वाढता म्हणाल्या, "कोंबडी नाय. जावयांनी आमची कोंबडी आधीच खाल्ली, पिल्लू असतानाच." वाडी हसली, बबनही हसला. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. रस्त्यात पोरं म्हणायची, पिल्लंवाले जावई आले. पंखे जोरात फिरत होते, पंप चालत होते, आणि ते ज्याच्यामुळे, त्याचं नाव असं पडलं होतं. हळूहळू त्याची बायको एकटी माहेरी जायला लागली. बबनला नेमकी त्याच दिवशी ड्यूटी निघायची. मला यातलं सगळं कळत होतं. तो माझ्या दुकानात चहा प्यायला यायचा आणि आम्ही इतर विषयांवर बोलायचो. असं तीन वर्षं चाललं.

गेल्या महिन्यात तो आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "सासूबाई परत पिल्लं आणतायत. ब्रूडर बनवून दे."

"देतो."

"या वेळी कापू नको."

समोर पाना होता, तो मी उगाच पुसला.

"तुला माहीत होतं?"

"तार ओढली तेव्हा प्लेट माझ्याच हातात आली ना रे. राहिलेले विळखे बघितले, केवढे ताणलेले. आयटीआय मीपण पास झालोय. तुझ्यापेक्षा दोन मार्क जास्त."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं दुकान आहे. आगीचं नाव लागलं असतं तर या बाजूची इस्त्रीसुद्धा कुणी आणली नसती तुझ्याकडं. माझा काय, पगार चालू. आणि सासूबाई बोलतातच, त्यांना विषय लागतो." चहाचा कप त्याने खाली ठेवला. "पण तीन वर्षं कोंबडी नाय खाल्ली रे तिथं."

यावर तो हसला. मला हसता आलं नाही. आणि तेव्हाही माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. मी फक्त म्हणालो, "शनिवारी तयार ठेवतो."

नवा ब्रूडर मी असा केलाय. कॉइल पूर्ण, एक विळखाही कापलेला नाही. मधून एक जादा टोक काढून स्विचला दिलंय. व्होल्टेज पडलं तर निम्मी कॉइल चालवायची, पूर्ण असलं तर पूर्ण. आणि कुणी स्विच फिरवायला विसरलं तरी ठरलेल्या उष्णतेला आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट बसवलाय. हे सामान तेव्हाही माझ्या दुकानात होतं. मी वापरलं नाही, कारण वाडीचं व्होल्टेज मला पाठ होतं. व्होल्टेज गावाचं नसतं, त्या वेळेचं असतं. पाठ करायची ती गोष्टच नव्हे. एवढं शिकायला मला तीन वर्षं आणि दुसऱ्याच्या ताटातली कोंबडी लागली.

शनिवार उलटून गेला. ब्रूडर अजून दुकानातच आहे. बबन म्हणाला, मी घेऊन जातो. मी म्हटलं, बसवायला मीच येणार, तूही चल, आणि गटाच्या बायका बसलेल्या असतील अशा वेळी जाऊ. त्याने कारण विचारलं नाही.

मी बबनला त्याच्या सासरचं ताट देणं लागतो. आणि हिराबाईंना, सगळ्यांच्या समोर, एवढंच सांगणं लागतो, की कॉइल मी कापली होती आणि त्या दुपारी फोन माझ्या हातात होता.