खुर्चीवर बसलेली ती नव्हे

मित्रा गेली ही बातमी मला माझ्याच फोटोसकट कळली. सकाळी चहा घेऊन पेपर उघडला तर तिसऱ्या पानावर मी! दोन वेण्या, मांडीवर पर्स, खुर्चीत अंग चोरून बसलेली. आणि खाली छापलेलं, 'रॉक गायिका व अभिनेत्री संघमित्रा यांचे निधन'. तेवढ्यात औशाहून नणंदेचा फोन. "दादा, पेपरात वहिनीचा फोटो..." तिला रडू आवरेना. म्हटलं, "अगं, मीच बोलतेय." तर तिनं किंचाळून फोनच टाकला. मग कुठं त्या ओळीचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला... मित्रा गेली. जिच्यापायी जन्मभर वैतागले, तिनं जातानाही मला धड रडू दिलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, नवी ऑफिसं उघडली, आणि मित्राच्या वडिलांची बदली नांदेडहून इकडं झाली. आमच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये. जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं म्हणत वाढलेली पोर ती, माईक नसला तरी चार गल्ल्यांपलीकडं ऐकू जायची. कॉलेजात तिला बबन भेटला. त्याच्याकडं हैदराबादहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार आणि इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी. झालं! बाईसाहेबांनी रॉकचं वेड घेतलं, त्याच्या ऑर्केस्ट्रात गायचा हट्ट धरला. तिच्या वडिलांनी एकच अट घातली, "सुमन संगं असंल तर जा. न्हाईतर न्हाई." मला कुणी विचारलं? कुणीही नाही.

त्या काळी ऑर्केस्ट्रात बाई गायिकेसाठी स्टेजवर एक खुर्ची ठेवत. गाणं संपलं की तिनं पदर सावरून तिथं बसायचं. नाचायचं ते पुरुषांनी. मित्रा पहिल्याच कार्यक्रमात म्हणाली, "सुमे, तू बस तिथं. मला बसून करमत न्हाई." चपला नि पर्स माझ्या हवाली करून ही अनवाणी स्टेजभर. खुर्ची रिकामी दिसली की आयोजक कुरकुरायचे, म्हणून मी बसायचे. लोकांना वाटे, गाणारी हीच, आता उठेल मग उठेल. अहमदपुरात तर सत्काराचा हार माझ्याच गळ्यात पडला, आणि ही तिकडं ड्रमला टेकून पोट धरून हसतेय! किती संताप यायचा म्हणून सांगू. पण मी नाही गेले तर हिचं गाणं बंद, हे दोघींनाही पक्कं माहीत होतं. मग काय, पुढच्या वेळी पुन्हा वेण्या घालून मी तयार.

पेपरातला तो फोटो दुष्काळातला. स्टेज कसलं, मैदानातला मातीचा ओटा. प्यायलाच पाणी नाही तर शिंपडायला कुठून आणणार? टँकरची वाट बघणाऱ्या बायांवर तिनं स्वतः एक गाणं रचलं होतं. ते ती असं काही गरजून म्हणायची की पुढच्या बाया आणलेल्या घागरी बडवायला लागायच्या. त्या दिवशी गाण्याच्या भरात तिनं उडी घेतली, धुरळा उठला, आणि फोटोग्राफरनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. म्हणून फोटोत खुर्चीवर मी स्वच्छ, आणि माझ्या डाव्या बाजूला नुसता धुळीचा लोट. तो लोट म्हणजे मित्रा.

पुढं ती नाटकात गेली, मग मुंबईला सिनेमात. नाव झालं ते कशानं? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या कामानं! पांघरुणाखाली हिचे पाय ताल धरायचे आणि दिग्दर्शक बोंबलायचा. प्रेक्षक त्या म्हातारीसाठी ढसाढसा रडले, आणि हिला त्याचाच राग. "जन्मभर उभी ऱ्हायले सुमे, अन् लोकाला पडलेली आवडले." लहर लागली की लातूरला यायची, बबनला गोळा करायची आणि मला दारातून हाक... "चल, काय करायलीस?" पोळ्या तव्यावर असल्या तरी निघावं लागे.

शेवटची भेट नांदेडला, तिच्या भाच्याच्या घरी. "उभं कर मला," म्हणाली. म्हटलं, "पड की गुमान! डॉक्टरनं काय सांगितलंय?" ऐकेल ती मित्रा कुठली. माझ्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली. भार तरी कसला, नुसती हाडं उरली होती. म्हणाली, "मी गेल्यावर बसलेला फोटो लावू देऊ नको कुणाला." मी वैतागून म्हटलं, "तुझा बसलेला फोटो हाय तरी का कुठं?" त्यावर खोकला येईस्तोवर हसली. आणि पेपरनं शेवटी बसलेलाच लावला. तोही माझा!

पंधरवड्यानं लातुरात शोकसभा झाली. जाऊन बघते तर स्टेजच्या मधोमध ऑर्केस्ट्राची ती जुनी लोखंडी खुर्ची. बबननं इतकी वर्षं जपून ठेवलेली. तिच्यावर शाल, हार आणि सिनेमातल्या म्हातारीची तसबीर. निवेदक गहिवरून सांगतोय, "याच खुर्चीवर बसून ताईंनी..." माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत स्टेजवर चढले. तसबीर उचलून बबनच्या हातात दिली, हार काढला, शाल काढली. निवेदक हळूच म्हणाला, "काकू, इथं बसायचं न्हाई. ही ताईंची जागा हाय."

"ताईची जागा तिकडं," मी डावीकडं बोट दाखवलं, "इथं मी बसत होते." आणि बसले. पर्स मांडीवर घेतली. बबनला म्हटलं, "वाजीव." तो रडत रडतच टँकरचं गाणं वाजवायला लागला. गाणारं कुणी नव्हतं. मागं बसलेल्या दोघी म्हाताऱ्यांनी समोरच्या खुर्चीचा पत्रा बडवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र मला पुढचं काही दिसेना.

बबननं खुर्ची माझ्या घरी पोचवली. पुढच्या खोलीत ठेवलीय. दुपारी तिच्यावरच बसते. तिच्या डाव्या बाजूचा टीपॉय मी काढून टाकला, ह्यांना ते पटलेलं नाही. रोज विचारतात, "एवढी जागा वाया कशाला घालवायची? एखादी खुर्ची मांडू या की तिथं."

"मांडू नका," मी म्हणते. "ती कुठं बसतेय!"