जनरेटर बंद करू नका

लग्नात नवरदेवाचं लक्ष नवरीकडे असावं. माझं जनरेटरकडे होतं.

इंदापूरच्या एका दूध संस्थेला मी शब्द देऊन बसलो होतो, की वजनकाट्यातलं छोटं सर्किट बोर्ड लिनक्सवर चालवून दाखवतो. बोर्डाचा जीव एवढासा, त्याच्यावर काही बनवणं अशक्य. म्हणून कन्हेरीच्या घरी पीसीवर आधी एक कंपायलर बांधायचा, जो पीसीवर बसून त्या परक्या बोर्डाचे प्रोग्रॅम तयार करेल. हे बांधकाम आठ तासांचं. चारदा मध्येच वीज गेली, फायली खराब झाल्या, पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच संस्थेत दाखवायचं होतं. नाही जमलं तर जन्मभर वडिलांच्या खताच्या दुकानात बसायचं, असं ठरूनच गेलं होतं.

खात्रीची वीज फक्त बारामतीच्या मंगल कार्यालयात. माईक बंद पडला तर पुढाऱ्यांचा अपमान होतो, म्हणून लग्नात जनरेटर दिवसभर चालूच. सकाळी नऊला वरपक्षाच्या खोलीत पीसी लावला. आत्यानं मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं आणि वर फेट्यांची पिशवी ठेवली.

"हितं बनवायचं आन चालणार तितं?" वडील म्हणाले. "मग तितंच का बनवत न्हाय?"

"तितं तेवढी ताकद न्हाय, तात्या."

ते फेटा बांधून घ्यायला निघून गेले.

मंगलाष्टकांआधीच्या सत्कारांना मी आयुष्यभर शिव्या घातल्यात. त्या दिवशी मीच बाशिंग सावरत माईकवाल्याला चिठ्ठ्या पाठवत होतो. सुप्याचे माजी सरपंच राहिले. मोरगावचे दोघं राहिले. मुहूर्त पाऊण तास हुकला आणि भटजी माझ्याशी बोलायचे बंद झाले.

तरी जेवणं उरकली तेव्हा कुठं शेवटचा टप्पा लागला होता. जनरेटरवाला वायरी गुंडाळत म्हणाला, "नवरी निघाली की बंद करणार."

नवरीशी मी तोवर दोनदाच बोललो होतो. तिला सगळं सांगितलं. अजून तासभर पायजे.

"न्हाय झालं तर दुकान?"

"व्हय."

ती उठली आणि रडायला लागली. नवरी रडत असताना जनरेटर कोण बंद करणार? मावश्या झाल्या, चुलत्या झाल्या. आमच्याच घरी राहणाऱ्या माझ्या आत्याच्या गळ्यात पडून ती ओक्साबोक्शी रडली. मग आचाऱ्याच्या पाया पडली. शेवटी जनरेटरवाल्याच्या, तेव्हा तोही डोळे पुसायला लागला.

मी खोलीत जाऊन पाहिलं. पळणाऱ्या ओळी थांबल्या होत्या, चूक एकही नाही. बोर्ड दुसऱ्या दिवशी चाललं, दुकान टळलं, ते सोडा.

बाहेर येऊन मी मान हलवली. तिनं डोळे पुसले. तिच्या आईला तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. आईच्या गळ्यात पडली, पण रडूच येईना. आई नुसती बघत राहिली, आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

कन्हेरीचा फाटा आला तेव्हा ती म्हणाली, "समदं तुमच्या मशिनीवर गेलं. आईसाठी काय राहिलंच न्हाय."

पीसी मांडीवर होता. मी ड्रायव्हरला जीप माघारी वळवायला सांगितली.