लाकडी मासा, ट्रॅक्टरची ट्यूब आणि आम्ही तिघं

मासे धरणाऱ्यांच्या घरी मासे टिकत नाहीत, किस्से मात्र साचत जातात. आमच्याकडं तर इतके साचलेत की कोणी नुसता चहा विचारला तरी एक-दोन सांडतातच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जुन्या जालन्यात सलीमभाईचं पंक्चरचं दुकान, त्याला लागून बाबुरावांचं धान्याचं. मी समोरच्या गल्लीतला सरकारी कारकून. बाबुराव आमच्यात मोठे. दर रविवारी तिघं मंठा रोडनं एका तलावावर जायचो, मरळ धरायला.

*

सलीमभाईच्या मावसभावानं सौदीहून एक लाकडी मासा आणला. पोटाला गळ, तोंडाला वाटीसारखा खड्डा. पहिल्यांदा फेकला, तर तरंगायलाच लागला!

"बुडून न्हाई राह्यला," बाबुराव म्हणाले. "डिफेक्टिव्ह पीस दिला तुझ्या भावानं."

मग सलीमभाईनं त्याला दगड बांधला. सगळा हिवाळा आम्ही तो मासा इमानदारीनं बुडवला. एक मरळ फिरकली नाही. शेवटी एकदा दगडाची गाठ सुटली, मासा वर आला. सलीमभाई वैतागून गळाची तंगूस दोरी भराभर ओढायला लागला. मासा पाण्यावर पचक-पचक करत निघाला, अन् धाडकन मरळ पडली त्याच्यावर!

बाबुरावांनी मरळ गळातून सोडवली. "डिफेक्टिव्ह आपण होतो," म्हणाले.

*

होडी आम्हाला कोण देणार? ट्रॅक्टरच्या मोठ्या ट्यूबवर फळ्या बांधल्या, झाली होडी. पहिल्या दिवशी एकीकडून बाबुराव वल्हवतायत, दुसरीकडून मी. दोघांचा मेळ काही बसेना. ट्यूब जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

काठावर एक म्हशीवाला बिडी ओढत बघत होता. शेवटी त्यानं आवाज दिला, "पाव्हणे, अजून किती दळण राह्यलं?"

*

सौदीचा मासा एका पाण्यातल्या बाभळीत अडकून गेला. मग बाबुरावांनी घरच्या हवाई चपलेतून बेडूक कापला. झकास तरंगायचा! पहिल्याच रविवारी त्यावर मरळ आली, अन् वहिनींनी तिचं कालवण केलं.

जेवताना बाबुरावांनी विचारलं, "कसं झालंय?"

"चांगलं झालंय," वहिनी म्हणाल्या. "माझी दुसरी चप्पल पण घेऊन जा आता."

*

तोच बेडूक एकदा घारीनं उचलला. रीळ सुटलं, तंगूस सरळ आभाळात! मी ओरडलो, "तोड, तोड!" पण सलीमभाई म्हणजे संक्रांतीचा पतंगबाज. त्यानं आरामात ढील दिली, मग हलकासा झटका. घारीनं बेडूक सोडला, उडून गेली.

"बिलकुल कच्ची हाये," सलीमभाई म्हणाला. "पेच लढवता येत न्हाई तिला."

*

एकदा बाबुरावांना भलीमोठी मरळ लागली. ट्यूबपर्यंत आली, सलीमभाईनं हात घातला, तशी ट्यूब कलली, बाबुरावांनी घाबरून एका हातानं फळी घट्ट धरली, अन् मरळ निसटली. "मुद्दाम सोडली!" बाबुराव बोलून गेले. झालं, दोघांचा अबोला. दुकानाला दुकान लागून, तरी एक शब्द नाही. तलावावर मात्र दोघं यायचे, अन् सगळं बोलणं माझ्यामार्फत. "याला सांग, तंगूस सरकव." "यांना सांग, सरकवली."

सलीमभाईची जागा नेहमी पुढच्या फळीवर. अबोला धरल्यापासून तो मागं, बाबुरावांच्या खांद्याला खांदा लावून बसायला लागला. मी एकदा म्हणालो, "पुढं मोकळं आहे, बस ना." त्यानं ऐकलंच नाही. मला वाटलं, चिडवायला बसतोय.

एका रविवारी मधोमध असताना माझा गळ ट्यूबमध्ये घुसला. फुस्स! बघता बघता फळ्या तिरप्या झाल्या. मी उडी मारली, मागं वळून बघतो तर बाबुराव दिसेनात! पाण्यावर नुसती टोपी. तेवढ्यात सलीमभाई वर आला, हातात बाबुरावांची कॉलर. मी दुसरा हात धरला. कसेबसे ओढत काठाला आणले, चिखलात पालथे घातले.

बाबुरावांनी पोटभर पाणी ओकलं, श्वास घेतला, अन् माझ्याकडं बघून म्हणाले, "याला सांग, मला पोहता येत न्हाई, हे मी कोणालाच बोललो न्हवतो."

सलीमभाई शर्ट पिळत होता. त्यानंही माझ्याकडंच बघितलं.

"यांना सांग, मला ठाऊक होतं. म्हणून तर बाजूला बसून राह्यलो."