रेडिएटरमधलं हिरवं पाणी

लातूरला आमच्या शेजारी जो पोरगा राहतो, त्याला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही बघा. माझ्या दारातल्या रांगोळीवर कधी पाय देणार नाही. गॅसची टाकी न सांगता आत आणून ठेवील. बोलणं हळू, दर वाक्याला ‘काकू’. फक्त गल्लीतल्या पांढऱ्या कुत्रीचं भुंकणं त्याला सोसायचं नाही. ती नुकतीच व्यालेली, भाकर मीच घालायचे तिला.

परवा त्यानं अंगणातच गाडीचा रेडिएटर बदलला. जुन्यातलं हिरवं पाणी घमेल्यात उतरवलं, नवा बसवला, नळ्या आवळल्या, साबणानं हात धुतले. मग ते घमेलं उचललं आणि कुत्रीपुढं नेऊन ठेवलं.

“अरे, ते कशाला तिला?” मी ओट्यावरून विचारलं.

“गोड असतंय काकू. पिऊ द्या की, ऊन लई हाय.”

गाडीतलं मला काय कळतंय! मला वाटलं, माया आली असंल.

संध्याकाळी कुत्री झोकांड्या खायला लागली. घमेल्याचं सांगितल्यावर जनावरांचा डॉक्टर म्हणाला, “गाडीतलं ते हिरवं पाणी, कूलंट, विषारी असतं, आजी. उशीर झाला.” दुसऱ्या दिवशी ती गेली.

खड्डा त्यानंच खणला. वर मीठ टाकलं, माती हातानं नीट थोपटली आणि म्हणाला, “आता निवांत झोप लागंल, काकू.”

मी पिल्लं पदरात उचलून घरात आणली. आता रोज सकाळी तो भिंतीवरून वाटीभर दूध देतो. “पिल्लांना घाला, काकू.”

मी हसून वाटी घेते आणि आत जाऊन मोरीत ओतते.