कॅरमच्या पावडरीची बॅटरी

पडदा वर जातो. कोल्हापुरातल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा, साल दोन हजार तीन, खंडेनवमीची सकाळ. तराजू, भट्ट्या, पंप, सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. उजव्या अंगाला खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा आहे सोमशेखर. कागलचा माणूस, चाळिशीला टेकलेला. लिथियमच्या बॅटरीत जो द्रव भरतात, त्यापायी त्यानं ऐन उमेदीची वर्षं घातली होती. द्रव वीज झकास वाहून न्यायचा, पण त्यात भिजवलेली वात काडी लावताच भडकायची.

मग त्याच प्रयोगशाळेत हुपरीची दानेश्वरी संशोधनाला आली. चांदीकाम करणाऱ्या घरातली पोर. द्रवात विरघळवायचा, विषारी वाफा सोडणारा जुना क्षार तिनं बाजूला सारला, बोरिक पावडरीपासून नवा बनवायला घेतला, आणि सहजी न पेटणाऱ्या द्रवात तो विरघळवला.

"कॅरमच्या पावडरीवर बॅटरी चालवतीस व्हय गं?" सोमशेखर सगळ्यांदेखत म्हणाला होता.

"चालली तर पयला डाव तुमीच खेळा की, अण्णा!"

तिची वात पेटलीच नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिची पाठ थोपटली. सोमशेखरला त्या दिवशी चहासुद्धा कडू लागला. तेव्हापासून ती कधी चुकते याची तो वाट बघत होता.

आज संधी आयती चालून आली. दसरा झाला की पुण्याच्या कंपनीची मंडळी बॅटरी बघायला येणार होती. महिनाभर खपून केलेला क्षार काचेच्या बंद भांड्यात सुकत होता. ओल लागली की तो कामातून गेला. दानेश्वरी पेढे आणायला गेलेली, आणि झाडलोट करणारी चिमणाबाई आंब्याच्या पानानं यंत्रांवर पाणी शिंपडत त्याच भांड्यापाशी आली.

"पोरीनं एवढं राबून केलंय. त्यालाबी आतनं कुंकू लावते."

झाकण ग्रीस लावून घट्ट बसवलेलं. ती जोर लावू लागली.

सोमशेखर खिडकीपाशीच राहिला. 'त्याला ओल लागू देऊ नको' एवढंच म्हणायचं होतं, ते तोंडातून फुटत नव्हतं. उघडू दे, कुणाला कळतंय? झाकण कुरकुरत सरकलं.

"मावशे! हात काढ!"

तो असा गरजला की चिमणाबाईच्या हातचा तांब्या फरशीवर आदळला. पेढ्यांचा पुडा घेतलेली दानेश्वरी दारातच थबकली. धावत येऊन तिनं झाकण दाबून बसवलं. क्षार कोरडा होता.

"अण्णा, वाचीवलासा! तुमचं उपकार कसं फेडू?"

सोमशेखरनं पेढा घेतला नाही.

"उपकार कसलं? गप बघत हुबा हुतो मी. आजबी तुझं चांगलं मला बघवत न्हाय."