रक्ताचा नव्हे, दुसरा रिपोर्ट

बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता सांगितलं, "मॅडम, आपका रिपोर्ट ठीक नहीं है." आणि मी उभी होते ती खुर्चीत बसले.

आता यात माझी काय चूक? आदल्याच आठवड्यात वसमतला आमच्या बचत गटाच्या बायकांसाठी आरोग्य शिबिर झालं होतं. सगळ्यांचं रक्त काढून नेलं आणि रिपोर्ट नंतर मिळेल असं सांगितलं. त्यानंतर तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो या साहेबांच्या तोंडून. कर्जाबरोबर विमा काढतात हे मला माहीत होतं, म्हणून वाटलं, शिबिरवाल्यांनी माझं रक्त परस्पर बँकेला कळवलं असेल.

मी गेले होते हळद-मिरचीच्या कांडप यंत्रासाठी कर्ज मागायला. आमच्या घरी देवळाची पूजा आहे. त्यात घर चालतं, पण त्यापुढे काही होत नाही. ओसरीत यंत्र बसवायचं, वसमतच्या हळदीला काही तोटा नाही, आणि आपल्या हाताने कमवायचं, हे माझ्या डोक्यात सून म्हणून आले तेव्हापासूनचं होतं. ते आता कुठे तोंडावर आलं आणि मधेच हे दुखणं.

"क्या निकला?" मी विचारलं.

"पुराना बकाया दिखा रहा है. आप अपनी कॉपी निकाल लो. साल में एक बार फ्री मिलती है, आपका हक है."

बकाया हा शब्द माझ्या डोक्यावरून गेला. पुराना तेवढा ऐकू आला. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि मला पत्ताच नाही. बस स्टँडवर येऊन मी पुसेगावला आईला फोन लावला. "माय, माझा रिपोर्ट खराब निघाला. जुनं हाय म्हनतेत," एवढं बोलले आणि रडू आलं म्हणून फोन ठेवला. तिथून तडक सरकारी दवाखान्यात गेले आणि खिडकीवर हक्काने सांगितलं, "फुकट रिपोर्ट मिळतो ना, तो द्या."

खिडकीतल्या बाईंनी शोधून दिला. "सगळं बराबर हाय तुमचं. रक्त जरासं कमी हाय. गूळ-शेंगदाने खात जा."

मला इतका राग आला की काय सांगू. तशीच उलट्या पावली बँकेत गेले आणि तो रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला. "हे बघा, काही खराब नाही." साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग रुमाल तोंडाला लावला. खोकल्यासारखं केलं, पण खोकला नव्हता तो, मला कळत होतं. शेवटी पाणी प्याले आणि त्यांनी मला पहिल्यापासून समजावलं. माणसाने कुठून किती कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं की नाही, याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या असतात. अशा चार आहेत. चौघींकडून वर्षातून एकेकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मागता येतो, तसा नियमच आहे. मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर माझं डोकं चालेना. चार-चार कंपन्यांनी माझा हिशोब ठेवावा, अशी मी कोण लागून गेले?

घरी आल्यावर ह्यांच्या मोबाईलवर साहेबांनी सांगितलं तसं केलं. माहिती भरली, ओटीपी आला, आणि खरंच एक पैसा न देता रिपोर्ट उघडला. वर माझं नाव, मधे ह्यांचं नाव, आडनाव. जन्मतारीख एक जून. पत्ता साखऱ्याचा, कारण ह्यांचं मूळ गाव ते आणि माझ्या आधारवर अजून तोच पत्ता आहे. बचत गटाचं कर्ज होतं, पूर्ण फेडलेलं. आणि त्याच्याखाली शिलाई मशीनचं कर्ज, हप्ते थकलेले.

मला साधं काज करता येत नाही. आयुष्यात कधी मशीनच्या पायट्याला पाय लावला नाही. तरी माझ्याच नावापुढे लिहिलेलं पाहून माझा माझ्यावरचा भरवसा उडाला. गटात कधी घाईघाईत कशावर अंगठा टेकवला का? सही केली का? मग मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काहून बघायलीस?" हे म्हणाले. "देवाचे कपडे मी हातानं शिवतो. मला कशाला मशीन?"

ते खरं होतं. मी पुन्हा पुन्हा तो पत्ता वाचत होते आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की साखऱ्यात माझी चुलत जाऊ राहते आणि ती ब्लाउज शिवते.

आमच्या घरात आजोबांचं नाव दोन नातवांना आहे. हे एक आणि साखऱ्याचे ह्यांचे चुलतभाऊ दुसरे. दोन्ही घरांना वाटलं, म्हातारा आपल्याच पोटी आला. पुढे सुना आल्या. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, आणि आमच्याकडे थोरल्या सुनेला कुलदेवीचंच नाव देतात. दोन्ही घरांत थोरल्या सुना आम्हीच. त्यामुळे माझं जे नाव, तेच जावेचं. घरात कुणाचा घोटाळा होत नाही, मला वसमतवाली म्हणतात आणि तिला शिवणवाली. पण कॉम्प्युटरला हे कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी साखऱ्याला गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते, पण जावेने दारातच हातात चहा दिला. मग चहा पिता पिता तिला रिपोर्टचं सांगितलं.

"माझेच हप्ते हायेत ते, जाऊबाई," ती म्हणाली. "हात मोडला व्हता, शिवन बंद पडलं. आता भरून राहिले. पन तुमच्या कागदावर काहून गेले?"

"तुमची जन्मतारीख कोणती?"

"एक जून."

"माझीबी एक जून."

आम्ही दोघी हसायला लागलो. आमच्या वेळी गुरुजी शाळेत नाव घालताना पोराच्या उंचीकडे बघून साल लिहायचे आणि तारीख सरसकट एक जून. आमच्या पिढीत सगळा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला आहे. त्यात आम्हा दोघींना सालही एकच मिळालं होतं.

ह्यांना बरोबर घेऊन बँकेत गेले. हे सगळं सांगितल्यावर साहेबांनी ह्यांच्याकडे जरा बारकाईने पाहिलं. "मतलब एक ही आदमी की दो बीवियाँ?" देवळाचा पुजारी माणूस, कानापर्यंत लाल झाला. मग मीच पुन्हा आजोबांपासून सुरुवात केली. जावेच्या कर्जात पॅन नंबरच घातलेला नव्हता, म्हणून नाव, तारीख आणि पत्ता पाहून कॉम्प्युटरने दोघींची एक बाई केली होती. चूक कळवायलाही पैसे लागत नाहीत. साहेबांनी दाखवलं तशी तक्रार टाकली, दोघींचे पॅन जोडले, आणि वाट बघत बसायचं ठरलं.

घरी आले तर दारात आई. पुसेगावहून एसटीने आली होती. पिशवीत चार लुगडी, बिब्ब्याची डबी, देवाचा अंगारा. तिला दुसरा फोन करायचा राहूनच गेला होता.

"राहायला आले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत राहीन. तुझ्या भावांना सांगून आले."

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. बँक, जाऊ, शिलाई मशीन, एक जून. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे. ती माझा हात धरून बसली होती.

"म्हंजे तुला काही झालं न्हाई?"

"न्हाई, माय."

मग ती पदर डोळ्याला लावून बराच वेळ रडली. मला माझीच लाज वाटली. रडणं थांबल्यावर म्हणाली, "आन् एक जून कुनी सांगितलं? तू हळद शिजत व्हती तवाची. तुझा बाप कढई तशीच टाकून आला. पिवळ्या हातानंच घेतलं तुला."

"कोणता दिवस, माय?"

"दिवस कोन ध्यानात ठेवतंय? हळद शिजत व्हती."

हे मला तिने आधी कधीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तक्रारीचं उत्तर यथावकाश आलं, जावेचं कर्ज जावेकडे गेलं आणि यंत्र ओसरीत आलं. कागदावर मी अजून एक जूनचीच आहे. पण रानात हळद शिजायला लागली की मी माझे फुकटचे रिपोर्ट काढते, वर्षाचा हक्क तेव्हाच वापरून टाकते. त्याच संध्याकाळी आईचा फोन येतो.

"आला का रिपोर्ट?"

"आला. चांगला हाय."

"आन् तू?"