अक्कांच्या मेथीवरचा मावा

सुरुवातीलाच माफी मागतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहिणाऱ्यांनी त्याला चाळीस-पन्नास वर्षं पाहिलेलं असतं. मी पद्माक्कांना जेमतेम पाच महिने ओळखत होतो. मी त्यांच्या नात्यातला नाही, समाजातला नाही, शेजारचाही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडं मी आजवर काही लिहिलेलं नाही. खरं तर त्यांच्या मुलानं, सुकुमारअण्णांनी लिहायला हवं होतं. पण त्यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे... म्हणून धाडस करतो आहे. अक्का जाऊन आता सहा आठवडे झाले.

बातमी मला गावी, गडमुडशिंगीत कळली. अक्कांच्याच गल्लीत राहणाऱ्या वर्गमित्राचा फोन आला. "तुझ्या प्रोजेक्टवाल्या आजी गेल्या रे," एवढंच तो म्हणाला. ते 'प्रोजेक्टवाल्या' तेव्हा मला खटकलं नाही. नंतर खटकलं, कारण त्याचं काही चुकलेलं नव्हतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्राचा प्रकल्प असतो. मी 'घरगुती हरितगृहातील पालेभाज्या' असा विषय घेतला, आणि आमच्या सरांनी रंकाळा तलावाच्या मागल्या अंगाला राहणाऱ्या अक्कांचं नाव सुचवलं. त्यांच्या गच्चीवर यजमानांनी हयातीत उभं केलेलं हरितगृह होतं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर प्लॅस्टिकचा कागद, चारी बाजूंनी बारीक जाळी. त्याला दोन दारं होती, एकापाठोपाठ एक. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, आणि मधल्या हातभर जागेत उभं राहून मऊ फडक्यानं अंगावरचे कपडे झाडायचे. पहिल्या दिवशी अक्कांनी मला त्या जागेत उभं केलं आणि नाक उडवून म्हणाल्या, "पावणं, डोस्क्याला एवढं वासाचं तेल थापून आलायसा, फुलपाखरं गोळा करायचा इचार हाय काय?" दुसऱ्या दिवसापासून मी तेल लावायचं सोडलं.

सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, आवाजानं खणखणीत. माहेर कुरुंदवाडकडचं, जैन शेतकऱ्याचं. रोप कसं धरावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि जीव मारायचा नाही हेही कुणी वेगळं शिकवलेलं नव्हतं. मला वाटायचं, जाळी पिकाच्या राखणीसाठी असते. त्या म्हणाल्या, "जाळी बांधलीय ती किड्यांनी आत येऊ नये म्हणून. आत आलं तर मारायची पाळी येती." तरीही एखादा किडा आत शिरलाच तर रंगाच्या मऊ ब्रशनं त्याला अलगद वाटीत घ्यायचा आणि गच्चीच्या कडेला शेवग्याच्या फांदीवर नेऊन सोडायचा. "पावण्यांस्नी दारापतोर सोडून ये," म्हणायच्या. मी हसायचो. त्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

मला त्यांचा रागही यायचा, हे लपवत नाही. माझे वडील पाठीवर पंप घेऊन लोकांच्या शेतात औषध मारायला जातात. किडे मारायच्या त्या विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात. त्यांच्या बोटांची सालं निघालेली असतात, आणि मी त्यावरच शिकलो. ज्यांचं पोट पिकावर नाही त्यांनाच किड्याला पाहुणा म्हणणं परवडतं, असं मी एकदा त्यांना बोलून दाखवलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या माती चाळत म्हणाल्या, "खरं हाय तुझं. ही माती चाळतानासुदिक किती मरत असतील. पर जेवढं टळतंय तेवढं तर टाळावं की." मग विचारलं, बाप तोंडाला फडकं बांधतो का. नाही म्हटल्यावर आत गेल्या आणि जुन्या लुगड्याची चार स्वच्छ फडकी घडी घालून माझ्या पिशवीत टाकली. वडील अजून ती वापरतात.

चातुर्मासात अक्का पालेभाजी खात नसत. पानांत बारीक जीव असतात म्हणून. पण चातुर्मास संपला की पहिली भाजी आपल्या गच्चीवरची हवी, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी नवरात्रात मेथी आणि कोथिंबीर पेरायची. पाऊस गेलेला, दुपारी प्लॅस्टिकखाली तव्यासारखं तापायचं, तेव्हा बाजूचे कागद गुंडाळून वर बांधायचे. पहाटे दव पडायचं म्हणून संध्याकाळी ते पुन्हा सोडायचे. मी तापमान लिहायचो, पानं मोजायचो. "कागदावरची शेती," असं त्या माझ्या वहीला म्हणायच्या. पण मेथीला तिसरं पान फुटलं त्या दिवशी त्यांनीच मला हाक मारून ते लिहायला लावलं.

दसरा झाल्यावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते सांगलीला, लेकीकडं. हरितगृहाची किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "चार दिसांनी येतो. पाणी घाल, कागद सोड. बाकी काय करू नको." दुसऱ्याच दिवशी मेथीच्या पानांखाली मावा दिसला, रस शोषणारे बारीक हिरवे किडे. गुंडाळलेल्या कागदामागची जाळी एका कोपऱ्यात पाइपापासून सुटली होती, ती मी पाहिलीच नव्हती. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते, त्यांना पिकाचे फोटो दाखवायचे होते. मी ब्रश घेऊन बसलो. दोन तासांत एक वाफाही झाला नाही, आणि तिसऱ्या दिवशी शेंडे आखडले. त्या संध्याकाळी गावी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही. एक फवारा मार, उद्याला साफ, म्हणाले. मी त्यांच्या पिशवीतली छोटी बाटली आणली. अक्कांना फोन करता आला असता. त्या काय म्हणतील हे माहीत होतं, म्हणून केला नाही.

मेथी वाचली. फोटो फार चांगले आले. 'कीड नियंत्रण' या मथळ्याखाली मी लिहिलं, 'ब्रशने, हाताने'. परीक्षकांनी त्याच ओळीचं कौतुक केलं, आणि वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले.

अक्का आल्या त्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून. दोन दारांच्या मधे उभ्या राहून नेहमीसारखं अंग झाडलं, आत आल्या आणि थांबल्या. वास कसला, विचारलं. मी कडुलिंबाचा अर्क म्हणालो. त्यांनी वाफ्याच्या कडेच्या फळीवरून बोट फिरवलं. बोटाला लाल मण्यांसारखे, ठिपक्यांचे चार-पाच मेलेले किडे चिकटले. मावा खाणारे ढालकिडे, त्याच फटीतून आलेले. मी वहीत त्यांना 'मित्रकीटक' लिहीत असे. हात माझ्यापुढं धरून त्या म्हणाल्या, "हे बी कडुलिंबानंच?"

मी हातातली वही मिटली.

"फोटू झालं न्हवं तुझं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग जा बाळ आता." त्यांनी आवाज चढवला असता तर मी रडलो असतो, पाया पडलो असतो. त्यांनी ती सोय ठेवली नाही... मी किल्ली फळीवर ठेवली आणि जिना उतरलो. त्यानंतर मी त्या गल्लीत गेलो नाही. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत दिवाळी आली आणि मी गावी गेलो. चुकलो म्हणायला रंकाळ्यापर्यंत बसनं अर्धा तास लागतो.

अक्का गेल्याचा फोन आला त्यानंतर दहाव्या दिवशी मी गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. अण्णा मला वर गच्चीवर घेऊन गेले. वाफे मोकळे होते. अक्कांनी मेथी-कोथिंबीर मुळासकट उपटून खड्ड्यात पुरली होती, गाईगुरांच्या तोंडी लागू नये म्हणून. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णाच बोलायला लागले. त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं, हे दिसत होतं.

"अव्वानं शेवटाला काय खुळ्यागत केलं बघ," ते म्हणाले. आईला ते अव्वा म्हणत. "सांगलीवरनं आली, मावा बघून ऱ्हावलं न्हाय म्हणं, आन् आपल्या हातानं औषध मारलं. जल्मात जिनं मुंगी मारली न्हाय, तिनं! आमाला म्हणाली, माझ्या हातनं जीव गेलं, तेबी चातुर्मासात. मुनीमहाराजांच्याकडं जाऊन प्रायश्चित्त मागितलं. त्यांनी वय बघून नुसता जप सांगितला. हिनं घरी येऊन आपल्या मनानं आठ उपास धरलं. शुगरच्या गोळ्यासुदिक बंद केल्या, आमाला कळू दिलं न्हाय. सहाव्या दिशी सकाळी उठलीच न्हाय..."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तू असायचास न्हवं हितं. तुला काय बोलली हुती का?"

मी नाही म्हणालो.